सबनीसांच्या फ्रीजरमधला पेढा

कॅसिनो कुठला ते मी सांगणार नाही. न्यूझीलंडमध्ये कॅसिनो बोटांवर मोजण्याइतके, आणि माझं तोंड आधीच बदनाम आहे. गोष्ट पोटात ठेवायची म्हटलं की मला ॲसिडिटी होते. तेव्हा गावाचं नाव राहू दे. सबनीसांचं मात्र सांगते, कारण ते माझ्या पोटात राहणं शक्यच नाही.

अरुण सबनीस आमच्या कॅसिनोत पोकी मशीनांचे टेक्निशियन होते. पोकी म्हणजे नोट गिळून चित्रं फिरवणारं जुगाराचं मशीन. पिंपरीच्या एका कारखान्यात अर्धं आयुष्य काढून ते बायकोसह इकडे आलेले. बुटके, रुंद, मिशी कातरलेली, शर्टाला कडक इस्त्री, आणि खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. मी २०१२ साली नवऱ्याच्या पीएचडीचं शेपूट धरून आले. पुण्यात बँकेत होते. इथे पहिली नोकरी मिळाली ती कॅसिनोच्या फ्लोअरवर. गिऱ्हाइकांना चहा-कॉफी विचारायची आणि मशीनमध्ये नोट अडकली की सबनीसांना हाक मारायची. माहेरी मी ‘हॉस्पिटॅलिटीत आहे’ असं कळवलं होतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना पाहिलं तेव्हा ते रुमालाने एका मशीनवरची पट्टी पुसत होते. अशी पट्टी प्रत्येक मशीनवर असते. मशीन बिघडलं तर डाव रद्द आणि बक्षीसही रद्द, असं तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लोकांच्या बोटांनी ती तेलकट होते आणि मग वाचता येत नाही. सबनीस शिफ्ट सुरू झाली की रांगेतल्या सगळ्या पट्ट्या पुसत जायचे.

“शिंदेबाई,” ते म्हणाले, “ही पट्टी कॅसिनोच्या सोयीची आहे असं लोक म्हणतात. असेल. पण मग वाचता तरी येऊ दे त्यांना.”

मला त्यांनी पहिल्या दिवसापासून शिंदेबाई केलं. मॅनेजर ग्लेन मात्र त्यांना ‘सॅब’ म्हणायचा आणि ते त्याला ‘ग्लेनराव’. ग्लेनला वाटायचं, ही काहीतरी सन्मानाची पदवी आहे. एका परीने होतीच.

मशीनचं दार उघडताना ते दरवेळी म्हणायचे, “किया ओरा, काय होतंय?” अगदी फॅमिली डॉक्टरच्या आवाजात. ‘किया ओरा’ हा इथला माओरी नमस्कार, आभार मानायलाही चालतो. पण दार उघडण्याआधी ते गिऱ्हाइकाशेजारच्या स्टुलावर बसत. काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावत आणि मध्ये एकदाही तोडत नसत. माणूस ओरडत असला तर ओरडून होईपर्यंत थांबत. “आधी माणूस, मग मशीन. माणसाला वाटतं आपल्याला फसवलं. मशीनला काही वाटत नाही, ते थांबू शकतं.”

शंका नावाचा आजार सबनीसांना कधी झाला नाही. एकदा आम्हा चार कुटुंबांना पिकनिकला न्यायचं त्यांनी अंगावर घेतलं. फोनवरच्या नकाशाला शिव्या देत, मोज्यांवर जँडल म्हणजे रबरी चपला घालून, गाडी हाकत ते पुढे आणि आमचं लटांबर मागे. पोचलो तो भलताच बीच निघाला. सबनीस खाली उतरले, कमरेवर हात ठेवून समुद्राकडे पाहिलं आणि जाहीर केलं, “चुकलो! पण हा बीच बरा आहे. तिकडे गर्दी असते.” चुकल्याचंही ते इतक्या रुबाबात सांगत की समोरच्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

एका शनिवारी एक आडदांड ट्रकवाला मशीनसमोर आरडाओरडा करत होता. स्क्रीन मध्येच काळी झाली, परत लागली आणि तिच्यावर मोठं बक्षीस दिसत होतं. ग्लेन दुरूनच म्हणाला, “मालफंक्शन. व्हॉइड करून टाक, सॅब.” ट्रकवाल्याने ते ऐकलं आणि सबनीसांना त्यांच्या रंगावरून, देशावरून जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. माझे कान तापले. सबनीस स्टुलावर बसून ऐकत राहिले. मग दार उघडलं, मशीनची विचारपूस केली, आतली नोंद दोनदा तपासली आणि दार लावलं.

“ग्लेनराव, स्क्रीनचा दिवा गेला होता. डाव बरोबर आहे. पे हिम.”

“आर यू शुअर, मेट?”

“स्वीट ॲज,” सबनीस म्हणाले. इथे ‘एकदम झकास’ला वापरतात त्या या शब्दांत पुण्याचा एवढा ठसका असू शकतो हे मला तेव्हा कळलं.

ट्रकवाला एकदम मऊ झाला आणि त्यांच्या हातात नोटा कोंबायला लागला. सबनीसांनी हात मागे घेतला. “मी काही दिलं नाही. थँक यू म्हणायचं तर त्याला म्हण.” तो धिप्पाड माणूस खरंच मशीनकडे वळला आणि “किया ओरा, ब्रो” म्हणून त्याला थोपटून गेला.

आता विनायक खोताबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी अडलेलं आहे. विनायक आणि सबनीस पिंपरीच्या कारखान्यातले जोडीदार. एकाच वर्षी मागेपुढे इकडे आले. विनायकला त्याच्या कामाची नोकरी मिळाली नाही, म्हणून तो एका डेअरीत काउंटरवर उभा राही. इथे डेअरी म्हणजे दूध-ब्रेडपासून लॉलीपर्यंत सगळं ठेवणारं कोपऱ्यावरचं दुकान. म्हाताऱ्या मालकाला ते विकायचं होतं आणि विनायकला घ्यायचं होतं. एवढं एकच स्वप्न तो सगळ्यांना सांगत फिरायचा. विनायकच्या घरी सबनीस आणि सबनीसांच्या घरी विनायक, दोघेही बेल न वाजवता शिरत आणि थेट फ्रीज उघडत. परदेशात अशी दोन घरं असणं ही चैन आहे, हे मला नंतर ऑकलंडला राहायला गेल्यावर समजलं.

दरवर्षी दिवाळीत विनायकच्या गॅरेजमध्ये तीन पत्ती रंगायची. चटई, चकली आणि नाण्यांऐवजी शेंगदाणे. एकदा पत्ते वाटताना विनायकने चुकून कोणाला तरी चार पानं वाटली. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सबनीसांनी आपली पानं उलटी टाकली. “डाव बाद. वाटणी चुकली.” विनायकने ती पानं सुलटी केली तर तीन एक्के!

“अरे, माणूस आहेस की कोण? तीन एक्के टाकतोस?”

“वाटणीच चुकली तर एक्के माझे कुठले?”

“शेंगदाण्यांवर खेळतोय आपण, अरुण!”

“म्हणून तर सोपं जातंय,” सबनीस म्हणाले आणि शेंगदाणे परत वाटायला बसले.

हे सगळं आम्ही पुढे वर्षभर विनोद म्हणून सांगत होतो.

२०१४ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन गुरुवारी होतं आणि त्याला जोडून लेबर वीकेंड, म्हणजे सोमवारच्या सुट्टीसह तीन दिवस. त्या गुरुवारी सबनीस खिडकीजवळच्या एका मशीनसमोर बराच वेळ उभे होते. मोराचं चित्र असलेलं मशीन. त्याच्या स्क्रीनवरचे आकडे मध्येच थरथरत, नाहीसे होत आणि भलतेच होऊन परत येत. मी शेजारच्या टेबलावरचे कप उचलत होते तेवढ्यात ग्लेन आला.

“ग्लेनराव, हे बंद करा. आत्ता.”

“लाँग वीकेंड आहे, सॅब. खिडकीजवळचं मशीन बंद कसं ठेवू? मंगळवारी बघू.”

“मंगळवारपर्यंत हे कोणाला तरी रडवेल,” सबनीस म्हणाले. ग्लेन हसून निघून गेला.

शनिवारी भाऊबीज. सुषमाताईंचा, म्हणजे विनायकच्या बायकोचा, भाऊ हॅमिल्टनहून ओवाळून घ्यायला आला. ओवाळणीच्या ताटात पडलेली नोट सुषमाताईंनी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “शकुनाची आहे, लावून बघा एकदा.” विनायक वर्षातून एखाद वेळी कॅसिनोत यायचा. त्या दिवशी तो आला आणि नेमका त्या मोरासमोर बसला. सबनीसांची सुट्टी होती, मी ड्यूटीवर होते.

घंटा वाजली, दिवे फिरले. स्क्रीनवर जो आकडा आला त्याने अख्खा फ्लोअर उठून उभा राहिला. ग्लेनने विनायकचा हात धरून हलवला. “कॉंग्रॅच्युलेशन्स, मेट! पण आधी तपासावं लागेल.” असल्या वेळी दुसरं वाक्य कोणाला ऐकू येतं? विनायकने तिथूनच सुषमाताईंना फोन लावला आणि तो रडत होता.

रविवारी सकाळी सुषमाताई पेढे घेऊन निघाल्या. रात्रभर जागून दूध पावडरचे केलेले, वर वेलदोडा लावलेले. गावातल्या एकूण एक मराठी घरात त्यांनी ते पोचवले. डेअरीच्या मालकालाही दिले आणि विनायकने त्याला सांगून टाकलं, “शॉप माझं.” म्हाताऱ्याने पेढा खाल्ला आणि दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं.

मी त्या वेळी सबनीसांकडे नुकतीच फराळाला बसले होते; बातमी सांगायला तोंड उघडणार तोच सुषमाताई दारात.

“घ्या भावजी, तोंड गोड करा! लक्ष्मी आली घरी.”

सबनीसांना बातमी कळलेली नव्हती. ऐकून त्यांचा चेहरा फुलला. पेढा उचलून तोंडाशी नेला आणि विचारलं, “कुठलं मशीन हो, वहिनी?”

“ते खिडकीजवळचं. मोराचं.”

सबनीसांचा हात खाली आला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुषमाताई हसतच होत्या.

“वहिनी, पेढा मी घेतला,” ते सावकाश म्हणाले. “खाईन निकाल लागल्यावर.”

“निकाल कसला? आकडा सगळ्यांनी बघितलाय!”

“तरी.”

सुषमाताई डबा बंद करून निघून गेल्या. त्या दाराबाहेर पडल्या तशा अलकाताई, सबनीसांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, “बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.” सबनीस एकदम उखडले. “हसू नकोस! ते रडणार आहेत.” पेढा त्यांनी स्वतः फॉइलमध्ये गुंडाळला आणि फ्रीजरमध्ये ठेवला.

सोमवारी ते कामावर आले आणि आधी ग्लेनला म्हणाले, “खोत माझा मित्र आहे. मी एकटा हे मशीन उघडणार नाही.” दुसऱ्या दिवशी ऑकलंडहून मशीनच्या कंपनीचा माणूस आला. दोघांनी मिळून तपासलं आणि दोघांचं उत्तर एकच निघालं. मशीनच्या काचेवरच त्याचं सर्वांत मोठं बक्षीस छापलेलं होतं. स्क्रीनवरचा आकडा त्याच्या कितीतरी पट. आत तर त्या डावात काही लागल्याची नोंदच नव्हती. मशीनला झटका आला होता, बस्स. कॅसिनोने जॅकपॉट रद्द केला आणि विनायकला जेवणाचं एक कूपन देऊ केलं. कूपन! ते त्याने ग्लेनच्या टेबलावर फेकलं, वकील गाठला आणि सरकारकडे तक्रार केली. कॅसिनोंवर नजर ठेवणारं सरकारी खातं आहे. तिथून एक निरीक्षक येणार असं ठरलं.

तोवर गावात दोन तट पडले होते. पेढे सगळ्यांनीच खाल्लेले, त्यामुळे सगळेच विनायकच्या बाजूचे. ज्याने खाल्ला नव्हता तो एकटा उरला. “तुमच्या नोकरीसाठी मित्राचा गळा कापता?” असं एकाने सबनीसांना किराणा घेताना तोंडावर विचारलं. सबनीस म्हणाले, “डाळ पुढच्या रॅकवर आहे,” आणि चालू लागले.

निरीक्षक यायच्या आदल्या संध्याकाळी विनायक त्यांच्या घरी आला. त्याने बेल वाजवली. अलकाताईंनी मला नंतर सांगितलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने बेल वाजवली.

“अरुण, खोटं बोल असं मी म्हणत नाही. फक्त ‘नक्की सांगता येत नाही’ एवढं म्हण. वकील पुढचं बघेल.”

“मला नक्की सांगता येतं, विन्या.”

“माझं दुकान आहे रे त्याच्यात.”

“माहितीये.”

“मग?”

“वाटणी चुकलीय.”

विनायक उठून गेला. त्या घरात जेवणाचं ताट कोणी पुढे ओढलं नाही. अलकाताई एवढंच म्हणाल्या, “उद्या त्या ग्लेनचंही सगळं सांगणार ना तुम्ही? मित्रही घालवाल आणि नोकरीही. दोन्हींतलं एक तरी राखा.”

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत ग्लेन होता, वकिलासह विनायक होता आणि मीही होते, कारण त्या शनिवारी मी फ्लोअरवर होते. निरीक्षक एक उंच, शांत बाई होत्या. सबनीस इस्त्रीचा शर्ट घालून, जणू सत्कारालाच बोलावलंय अशा थाटात बसले. त्यांनी मशीनचं सगळं सांगितलं, एकेक गोष्ट, न अडखळता. शेवटी म्हणाले, “पाच लिटरच्या किटलीतून बादलीभर दूध निघत नाही. तो जॅकपॉट नव्हता. बाद आहे.”

विनायकची खुर्ची करकरली. “चांगली दोस्ती निभावलीस,” तो मराठीत म्हणाला आणि दार आपटून गेला. त्याचा वकील त्याच्यामागे धावला.

सबनीस दाराकडे बघत राहिले. मग निरीक्षकबाईंकडे वळले. “माझं संपलं नाही. हे मशीन बिघडलंय, बंद करा, असं मी गुरुवारी सांगितलं होतं. लाँग वीकेंड म्हणून चालू ठेवलं. माझ्या मित्राने चूक केली नाही. मशीनने केली, आणि मशीन चालू ठेवणाऱ्याने केली.”

ग्लेन लालबुंद झाला. बाईंनी विचारलं, हे कोणी ऐकलं का? मी म्हटलं, मी ऐकलं. मला आतापर्यंत सबनीसांचा राग येत होता, खरंच येत होता. त्या क्षणी मात्र इतका अभिमान वाटला की इंग्रजी सुचेना.

जॅकपॉट रद्दच राहिला. पण महिन्याभराने कॅसिनोने विनायकला तडजोड म्हणून एक बऱ्यापैकी रक्कम दिली. बँकेचं कर्ज जोडून त्याने डेअरी घेतली. त्याची समजूत अशी की हे वकिलाच्या आवाजाने झालं. मी सांगायला निघाले तेव्हा सबनीसांनी मला अडवलं. “नको, शिंदेबाई. आधी मित्र व्हायचं आणि मग हिशेब दाखवायचा, हे मला जमणार नाही. त्याचं त्याला समजू दे.” मी ‘बरं’ म्हटलं. मी तरी बरं म्हणून किती दिवस राहणार?

ग्लेनने सबनीसांना काढलं नाही. त्याची तेवढी छाती नव्हती. शिफ्टी मात्र अशा लावल्या की अलकाताई आणि ते एकमेकांना चिठ्ठ्या लिहून संसार करत होते. पट्ट्या पुसणं चालूच होतं. दिवाळी आली की विनायकच्या गॅरेजचा दिवा लागायचा, आणि सबनीस त्या रस्त्याने न जाता लांबून घरी जायचे. “त्या रस्त्याला ट्रॅफिक असतं,” म्हणत. त्या रस्त्यावर मेंढरंसुद्धा नसत.

आम्ही ऑकलंडच्या बॉटनी डाउन्सला राहायला आलो, मी पुन्हा बँकेत लागले. २०१७ साली एकदा तिथल्या मॉलमध्ये सुषमाताई भेटल्या. डेअरी उत्तम चालली होती. बोलता बोलता म्हणाल्या, “वकील देवासारखा भेटला म्हणून, नाहीतर त्या सबनीसांनी आम्हाला रस्त्यावरच आणलं होतं.” झालं. माझी ॲसिडिटी उसळली. मॉलच्या मधोमध उभं राहून मी त्यांना ते अख्खं सांगितलं, दार आपटल्यानंतरचं. सुषमाताई खाली बाकावर बसल्या आणि कितीतरी वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. “तरीच,” त्या म्हणाल्या. “तरीच त्यांनी पेढा खाल्ला नाही.” मग मी त्यांना हेही सांगितलं की सबनीस टौरंगाला चाललेत. किवीफ्रूट निवडणाऱ्या मशीनांचं काम मिळालंय. येत्या शनिवारी निघणार.

शनिवारी मी आणि नवरा सामान बांधायला गेलो. सबनीस खोक्यांच्या मधोमध उभे राहून हुकूम सोडत होते आणि प्रत्येक खोक्यावर चुकीचं नाव लिहीत होते. एवढ्यात बाहेर एक ट्रक येऊन थांबला. त्यातून विनायक उतरला. बेल न वाजवता आत आला. कोणाकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेला.

“फ्रीज मी ट्रकमध्ये घेतो,” म्हणाला. “रिकामा केलाय का?”

त्याने स्वतःच फ्रीजर उघडला. आत मटारची अर्धी पिशवी आणि फॉइलची एक पुरचुंडी. त्याने ती उलगडली.

“हा तोच?”

“तोच,” अलकाताई म्हणाल्या. “टाकू देत नाहीत. तीन वर्षं मी याच्या कडेने बर्फ काढतेय.”

विनायक सबनीसांकडे वळला. “का ठेवलास?”

“निकाल लागला नव्हता,” सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

“लागला होता रे,” विनायक म्हणाला. “मीच खोलीत थांबलो नाही.”

सबनीसांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच मटार टाकायला बाहेर निघाले, पण दाराशीच रेंगाळले. मग त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, पेढा ओट्यावर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक बरोब्बर मध्यावर धरून मुठीने हाणलं. दोन तुकडे झाले. अर्धा विनायकला, अर्धा स्वतःला. दोघे उभ्याउभ्याच चघळू लागले. दोघांचेही डोळे वाहत होते आणि दोघेही भिंतीकडे बघत होते.

“भिकार लागतोय,” विनायक म्हणाला.

“बाद आहे,” सबनीस म्हणाले. “पण खा.”

दुपारी ट्रक टौरंगाच्या दिशेने निघाला. विनायक चालवत होता, शेजारी सबनीस, मागे दोरीने बांधलेला फ्रीज. अलकाताई आमच्या गाडीत. पहिल्याच वळणावर ट्रक भलत्याच बाजूला वळला, आणि खिडकीतून बाहेर आलेला सबनीसांचा हात ठामपणे पुढचा रस्ता दाखवत होता. अलकाताईंनी कपाळावर हात मारला. विनायकला टौरंगाचा रस्ता चांगला माहीत होता. तरी तो, सबनीस म्हणाले तिकडेच गेला.